हरित ऊर्जा : कारागिराच्या हिशेबात ती कुठे बसते?

जेऊरच्या स्टेशनवर उभे राहिले की दोन गोष्टी नजरेत भरतात. एक, रुळांवरून गेलेल्या विजेच्या तारा. आणि दुसरी, दूरवर चकाकणारे उजनीचे पाणी असलेला मुलूख. माझ्या लहानपणी इथून कोळशाचा आणि डिझेलचा धूर सोडीत गाड्या जात. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोचली आणि १८७७ साली तिथे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, जिला लोक जुनी गिरणी म्हणत, ती उभी राहिली. त्या गिरणीचा माग कोळशावर आणि वाफेवर चालत असे. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा कापडधंदा जन्मापासून इंधनाशी बांधलेला आहे. सूत महाग झाले तर विणकर ओरडतो, रंग महाग झाला तर ओरडतो. पण वीज महाग झाली तर बिल भरतो आणि गप्प बसतो, कारण त्याला वाटते की यात आपल्या हातात काहीच नाही.

गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलू लागले आहे. छपरावर काचेच्या पट्ट्या बसवलेली घरे, दुकाने आणि कारखाने आता करमाळा, टेंभुर्णी, बार्शी, सोलापूर सगळीकडे दिसतात. शेतात सौर पंप आले आहेत. वर्तमानपत्रांत रोज 'हरित ऊर्जा' हा शब्द असतो. पण आपल्या छोट्या व्यापाऱ्याला, शिंप्याला, मागवाल्याला विचारावे तर तो म्हणतो, "हे मोठ्या लोकांचे काम." ते खरे आहे की खोटे, हे भावनेने नव्हे तर वहीवर आकडे मांडून पाहावे म्हणून हा लेख.

हरित ऊर्जा म्हणजे काय?

जे इंधन जाळावे लागत नाही, किंवा जाळले तरी पुढच्या हंगामात पुन्हा उगवते, त्यापासून मिळणारी वीज म्हणजे हरित ऊर्जा. ऊन, वारा, वाहते पाणी, उसाचे चिपाड, शेणापासूनचा गॅस हे तिचे मुख्य प्रकार होत. कोळसा एकदा जळला की संपला. ऊन उद्या पुन्हा येणार आहे.

हा विषय नवा आहे असे समजू नये. महाराष्ट्रातील पहिली मोठी हरित वीज कापडासाठीच तयार झाली होती. मुंबईच्या कापडगिरण्यांना कोळशाच्या धुरातून सोडवावे, अशी जमशेटजी टाटांची कल्पना होती. ते १९०४ साली वारले. पुढे १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूला तलावात अडवलेले पाणी घाटातून खाली सोडायचे, त्यावर चाके फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना होती. त्यानंतर भिवपुरी आणि भिरा ही वीजघरे उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर कोयना आली, जिची क्षमता आज सुमारे १,९६० मेगावॅट आहे. सांगायचे तात्पर्य असे की मुंबईचा गिरणीमालक शंभर वर्षांपूर्वी जे शिकला, ते आज गावच्या आठ मागवाल्याला शिकायचे आहे.

या हरित विजेचीही किंमत असते आणि ती कोणीतरी मोजलेली असते. मुळशीच्या धरणात जमिनी गेल्या तेव्हा १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. आम्हा सोलापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. लोणावळा, मुळशी हा सगळा भाग भीमेच्या खोऱ्यातला. ते पाणी घाटाखाली कोकणाकडे गेले की उजनीला येत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यातही खोल गेली होती, तेव्हा या पाण्याची चर्चा पुन्हा झाली. उजनीतही आमच्या करमाळा तालुक्यातली गावे बुडाली आहेत. म्हणून 'हरित' या शब्दावर भाळून जाऊ नये. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहावा.

देशाचा आकडा आणि त्यातली गोम

२०२५ च्या जूनअखेरीस देशाची एकूण स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि त्यातील निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २४३ गिगावॅट, कोळसा, गॅस व तेल सोडून इतर साधनांची होती. त्यात सौर, पवन, जलविद्युत आणि अणुऊर्जा सर्व आले. हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले. एकट्या सौर ऊर्जेने जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला.

हे वाचून कुणाला वाटेल की आता निम्मी वीज हिरवी झाली. तसे नाही. व्यापाऱ्याने इथे थांबून नीट पाहावे. क्षमता म्हणजे दुकानात किती माल मावतो, आणि निर्मिती म्हणजे प्रत्यक्ष किती माल विकला. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगाळ दिवशी मंद असतो. वर्षभराची सरासरी काढली तर तो आपल्या क्षमतेच्या साधारण पाचव्या भागाइतकेच काम करतो. औष्णिक केंद्र रात्रंदिवस चालू शकते. म्हणूनच २०२४-२५ मध्ये देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. सोलापूरजवळ एनटीपीसीचे औष्णिक केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. दुसरीकडे उजनी धरणाच्या पायथ्याशी अवघे १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. आणि तिसरीकडे साखर कारखाने आहेत. एक टन ऊस गाळला की साधारण पाव टनाहून थोडे अधिक चिपाड निघते. पूर्वी ते कसेबसे जाळून टाकीत. आता उंच दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज महावितरणला विकतो. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. पण ती मुख्यतः गाळप हंगामातली, आणि तिच्यामागे ऊस आहे, उसामागे उजनीचे पाणी आहे. पाणी आटले की ऊस आटतो आणि ऊस आटला की ही वीजही आटते.

रात्री काय करायचे?

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि प्रश्न बरोबर आहे. ऊन दुपारी असते, पण गावाला सर्वांत जास्त वीज संध्याकाळी लागते. दिवे, पंखे, टीव्ही, पिठाची गिरणी सगळे एकदम सुरू होते. यावर तीन उपाय चालू आहेत.

पहिला, जो वापर दिवसा होऊ शकतो तो दिवसाच करावा. शेतीपंप हे त्याचे उत्तम उदाहरण होय. शेतकऱ्याला रात्री अडीच वाजता पाणी द्यायला जावे लागते, साप-विंचवाची भीती असते. म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला, ज्यात १६,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले आहे. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीची वाहिनी दिवसा चालवायची, अशी ही कल्पना. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे त्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. ज्याला वाहिनीची वाट पाहायची नाही त्याला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे.

दुसरा उपाय पाण्याचा. दिवसा जास्तीची वीज असेल तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज काढायची. घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्र असेच चालते. उजनीचा छोटा संचही दोन्ही दिशांनी चालेल असाच बांधला आहे.

तिसरा उपाय बॅटरीचा. तिच्या किमती उतरत आहेत, पण छोट्या कारागिराला ती अजून जड जाते.

यात एक बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. पूर्वी औद्योगिक ग्राहकाला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वीज स्वस्त पडे. अनेक मागवाले त्यासाठी रात्रपाळी चालवीत. २०२५ च्या दर आदेशात राज्य वीज नियामक आयोगाने ही सवलत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या उन्हाच्या वेळेकडे वळवली आणि संध्याकाळचा वापर महाग केला. दर बदलत राहतात, त्यावर वादही होतात. पण दिशा कोणती ती ओळखावी. दिवसाची वीज स्वस्त होत जाणार आणि संध्याकाळची महाग. पाळ्या लावताना प्रत्येकाने आपल्या बिलावरचे वेळेचे रकाने एकदा वाचावेत.

माझी चूक

आता स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याचे नुकसान वाचले तर माझी फजिती कारणी लागली असे समजेन.

जेऊरमध्ये माझे कापडाचे दुकान आहे. खाली दुकान, मागे शिलाईची सहा यंत्रे आणि दोन इस्त्र्या, वर आम्ही राहतो. दुकानाचा मीटर वेगळा, घराचा वेगळा. २००५ नंतरची काही वर्षे आठवतात; गावाला दिवसातून बारा-बारा तास भारनियमन असे. तेव्हा मी डिझेलचा जनरेटर घेतला होता. एक लिटर डिझेलला जेमतेम तीन युनिट वीज मिळते. आजच्या नव्वद रुपयांच्या भावाने युनिट तीस रुपयांना पडते. तेव्हा डिझेल स्वस्त होते, तरी कमाईतला मोठा हिस्सा त्या यंत्राच्या पोटात जाई.

२०२४ च्या अखेरीस एक विक्रेता आला. गोड बोलणारा होता. म्हणाला, "चाचा, पाच किलोवॅट बसवा, बिल शून्य होईल, सरकारी अनुदान मिळेल आणि लाईट गेली तरी तुमचे दुकान चालू राहील." मी सुमारे पावणेतीन लाख रुपये दिले. जागा मोकळी व्हावी म्हणून जनरेटर विकून टाकला. नवीन वर्षाच्या सुरुवातीला छपरावर पट्ट्या बसल्या. उलट-सुलट मोजणारा मीटर मात्र बसायला एप्रिल उजाडला. कागद इथे अडकला, तिथे अडकला. तोवर माझी जास्तीची वीज वाहून गेली, तिचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

अनुदानाचे विचारायला गेलो तेव्हा कळले की ते घरगुती ग्राहकासाठी आहे. दुकानाच्या मीटरला एक रुपयाही नाही.

आणि मग मे महिना आला. लग्नसराईचे दिवस. चौदा शेरवान्या आणि चाळीसेक शाळेचे गणवेश हातात होते. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला, झाडे पडली, तारा तुटल्या. दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन निघाल्यासारखे स्वच्छ, ऊन असे की डोळे दिपावेत. मी निश्चिंत मनाने दुकान उघडले. बटण दाबले. काहीच झाले नाही. यंत्रे बंद, पंखे बंद, इस्त्री थंड. आमचे जुने शिंपी छपराकडे पाहून म्हणाले, "चाचा, वर एवढे ऊन आणि खाली अंधार, हा कुठला हिशेब?"

मला उत्तर देता आले नाही. नंतर एका जाणकार वायरमनने समजावले. महावितरणच्या तारेला जोडलेली सौर यंत्रणा, तारेतली वीज गेली की आपोआप बंद पडते. तशी ती बंद पडलीच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेला लाईनमन तार मेलेली समजून हात लावील आणि तुमच्या छपरावरून आलेल्या विजेने त्याचा जीव जाईल. हे ऐकून माझा राग उतरला. यंत्र बरोबर होते. मला सांगणारा चुकीचा होता, आणि न विचारता जनरेटर विकणारा मीही चुकीचा होतो. दोन दिवस भाड्याने जनरेटर आणला, दोन शिंप्यांना हाताच्या यंत्रावर बसवले, तरीही तीन शेरवान्या वेळेवर गेल्या नाहीत. त्यातला एक नवरदेव आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मुलगा होता. ते घराणे पुन्हा दुकानाची पायरी चढलेले नाही. पैशाचा तोटा भरून निघतो, हा निघत नाही.

तरीही नफा आहे का?

आहे, आणि तो मी लपवणार नाही. आपल्या भागात एक किलोवॅटच्या पट्ट्या दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात. पाच किलोवॅटला वीस युनिट. पावसाळी, ढगाळ दिवस सोडून वर्षाला सहा हजार युनिट धरू. व्यापारी मीटरला सगळे आकार मिळून युनिट साधारण बारा रुपयांना पडते असे समजले तर वर्षाला बहात्तर हजार रुपयांची बचत होते. म्हणजे चार वर्षांच्या आत घातलेली रक्कम सुटते. पट्ट्यांची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. मधे एकदा-दोनदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च धरला तरी धंदा तोट्याचा नाही.

बिल मात्र शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. तसेच जास्तीची वीज विकून श्रीमंत होऊ, असे कुणी मनात आणू नये. महिन्याला उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतात त्यांचे पैसे फार कमी दराने मिळतात. म्हणून आपल्या वापराइतकीच यंत्रणा बसवावी. कापड जसे अंगाच्या मापाने कापतो, तसेच हे आहे.

मागवाल्यांसाठी आकडा वेगळा येतो. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर असते, म्हणजे पाऊण किलोवॅट. दहा तास चालला तर जास्तीत जास्त साडेसात युनिट. आठ मागांना साठ युनिट. त्यासाठी पंधरा किलोवॅट लागतील, आणि एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे दीड हजार चौरस फूट मोकळे, सावली न पडणारे आणि वजन पेलणारे छप्पर हवे. सोलापूर, भिवंडी, मालेगावच्या किती मागवाल्यांकडे असे छप्पर आहे? जुन्या पत्र्याच्या शेडवर आधी लोखंडी सांगाडा मजबूत करावा लागतो. तो खर्च कोटेशनमध्ये पहिल्या पानावर नसतो.

आणि जो भाड्याच्या गाळ्यात आहे, त्याचे काय? माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच खरा प्रश्न आहे. छप्पर मालकाचे, मीटर भाडेकरूचा, आणि दोघांपैकी कुणालाच पैसे घालायची घाई नाही. आपले बहुसंख्य कारागीर याच वर्गात मोडतात. त्यांनी एकेकट्याने धडपडण्यापेक्षा गाळ्यांच्या मालकाशी लेखी करार करावा. पट्ट्या कुणाच्या, बचत कुणाला किती, गाळा सोडला तर काय, हे कागदावर यावे. दहा गाळेवाले एकत्र गेले तर विक्रेताही दर उतरवतो. तोंडी व्यवहार मात्र पंचवीस वर्षांच्या वस्तूला चालत नाही.

घरासाठी योजना

दुकानात फसलेला मी घरासाठी नीट माहिती घेऊन गेलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. 'तीनशे युनिट मोफत' याचा अर्थ सरकार बिल भरणार असा नाही. तीन किलोवॅटच्या पट्ट्या महिन्याला तेवढी वीज तयार करतात, एवढाच. अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर थेट खात्यात येते. म्हणून आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते.

ज्यांचे शिवणकाम, भरतकाम, जरीकाम घरातच चालते, त्यांनी आपला मीटर कोणत्या वर्गातला आहे हे आधी पाहावे. घरगुती असेल तर ही योजना त्यांच्या कामाची आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. पुढाकार घेतला तर लहान गावालाही हे जमते.

व्यापाऱ्यांना अनुदान नसले तरी दोन गोष्टी आहेत. सौर साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. बसवण्याच्या कामासह पूर्ण कंत्राटाला तो ८.९ टक्के पडतो. कोणी जुन्या दराने १३.८ टक्के लावत असेल तर विचारावे. आणि जे प्राप्तिकराचे विवरण भरतात त्यांना सौर यंत्रणेवर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. आपल्या हिशेबनिसाशी बोलावे.

बँका यासाठी कर्ज देतात. आपल्यातील अनेकांना व्याजाच्या व्यवहारात पडायचे नसते. त्यांनी एकदम मोठी यंत्रणा न घेता आधी दोन-तीन किलोवॅट स्वतःच्या शिलकीतून बसवावे, पण इन्व्हर्टर आणि सांगाडा पुढे वाढवता येईल असा घ्यावा. बिलात वाचलेला पैसा वेगळा काढून दोन वर्षांनी पुढचा टप्पा घालावा. थोडे उशिरा होईल, पण मालकी पूर्ण आपली राहील.

सही करण्यापूर्वी

शेवटी काही सूचना देतो. यातली प्रत्येक मी पैसे मोजून शिकलो आहे.

गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून किलोवॅट ठरवावेत, विक्रेत्याच्या सांगण्यावरून नव्हे. विक्रेता महावितरणच्या यादीत नोंदलेला आहे का ते पाहावे. लाईट गेल्यावर यंत्रणा चालेल का, हे लेखी विचारावे. चालायला हवी असेल तर बॅटरीसह वेगळी व्यवस्था लागते आणि तिची किंमत वेगळी असते. अनुदान कोणत्या मीटरवर, किती, हेही लेखी घ्यावे. वेळेप्रमाणे दर लावणारा मीटर असेल तर दुपारची वीज कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होते, ते समजून घ्यावे. शेवटचा हप्ता नवीन मीटर बसल्यावरच द्यावा. मी आधी दिला होता.

देखभालीचेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पण पट्ट्यांना ऊन हवे असते, उष्णता नको असते. त्या तापल्या की वीज थोडी कमीच होते. म्हणून छप्पर आणि पट्ट्या यांच्यामध्ये वारा खेळायला जागा सोडावी. ऊसवाहतुकीच्या दिवसांत रस्त्याची धूळ बसते. दर पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना, मऊ कापडाने धुवावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, ते लगेच पुसावेत. आणि पट्टी निकामी झाली की भंगारात फेकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पट्ट्याही आल्या आहेत, जुन्या पट्ट्या कोण परत नेणार हे विक्रेत्याला आजच विचारावे.

मी नवा छोटा जनरेटर घेतला आहे. तो वर्षातून फार थोडे दिवस चालतो, बाकीचे दिवस छप्पर काम करते. आमच्या शिंप्यांनी आता इस्त्रीचे सगळे काम सकाळी दहा ते चारच्या दरम्यान लावले आहे, कारण इस्त्रीच सर्वांत जास्त वीज खाते. त्यांना हे कुणी शिकवले नाही. मीटरचा आकडा पाहून त्यांनीच ठरवले.

मुंबईच्या गिरण्यांसाठी कुणीतरी दूर डोंगरात तलाव बांधला. आपल्यासाठी कुणी डोंगर फोडणार नाही. पण आपल्या भागात वर्षातले आठ महिने आकाश मोकळे असते आणि ते ऊन आजवर आपण फक्त कपाळावरचा घाम पुसत सोसले. ते वहीच्या जमेच्या बाजूला आणायचे असेल तर भुलू नये आणि घाबरूही नये. बारा महिन्यांची बिले काढावीत, एक पेन्सिल घ्यावी, आणि बेरीज-वजाबाकी स्वतः करावी.